छपराचा जन्मदाखला

अमेरिकेत घराचा विमा काढायला गेलं की पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच एक प्रश्न हमखास येतो: छप्पर कोणत्या साली घातलं, आणि कशाचं आहे? उत्तर पटलं नाही तर कित्येक कंपन्या पुढचं बोलणंच थांबवतात. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोत किंवा फ्लोरिडातल्या टँपा-ओरलँडोत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची यात चांगलीच धांदल उडते. पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, आणि गच्ची गळली तर ते सोसायटीचं बघायचं काम. तिथे मात्र छप्पर सर्वस्वी आपलं असतं, आणि घर आपल्या हाती राहणार की नाही इथपर्यंत गोष्ट त्यावर जाऊन थांबते.

कारण घरावर बँकेचं कर्ज असतं आणि विम्याशिवाय बँक कर्ज ठेवू देत नाही. विमा सुटला तर बँक स्वतःच एक विमा काढते आणि त्याचा हप्ता कर्जदाराच्या माथी मारते. हा हप्ता नेहमीच्या विम्यापेक्षा बराच महाग असतो, आणि संरक्षण असतं ते मुख्यतः बँकेच्या पैशाला. घरातल्या सामानाचं, कुटुंबाच्या तात्पुरत्या निवाऱ्याचं त्यात सहसा काही नसतं. शेवटी हप्ते थकतात. ज्याला विमा नाही त्याला घर विकणंही सोपं नाही, कारण घेणाऱ्यालाही कर्जासाठी विमा लागतोच. म्हणजे छपराचं साल हे एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या कमाईचं भवितव्य ठरवतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. विमा कंपनीने छपराकडे बारकाईने पाहावं, त्यात काहीही गैर नाही. पण छपराकडे न पाहता त्याच्या जन्मसालाकडे पाहून दार लावणं हा आळस आहे. आणि या आळसाची किंमत कंपनी मोजत नाही. नवं छप्पर घालायला ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घरमालक ती मोजतो.

छपरावर एवढा रोख का, हे समजायला 1992 सालात जावं लागतं. 24 ऑगस्टच्या पहाटे अँड्र्यू नावाचं वादळ मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडच्या परिसरात घुसलं. साठ हजारांवर घरं उद्ध्वस्त झाली. विमा कंपन्यांना सुमारे साडेपंधरा अब्ज डॉलरचा फटका बसला आणि अकरा कंपन्या बुडाल्या. पडझडीची तपासणी सुरू झाली तेव्हा लोक हादरले ते वेगळ्याच कारणाने. छपराच्या कैच्यांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकताना कितीतरी खिळे कैचीत शिरलेच नव्हते. फळीतून आरपार जाऊन ते कैचीच्या शेजारी हवेत लोंबत होते. कुठे खिळ्याच्या जागी नुसते स्टेपल मारलेले होते. त्रिकोणी भिंतींना आतून आधारच दिलेला नव्हता.

वारा छपरावरून वाहतो तेव्हा तो छपराला दाबत नाही, वर खेचतो. कडेची एखादी फळी सुटली की पाऊस आत येतो आणि जिप्समच्या भिंती भिजून लोळागोळा होतात. विजेच्या तारा, गाद्या, गालिचे, कपाटं, काही म्हणजे काही वाचत नाही. बाहेरून घर उभं दिसतं, आत राहता येत नाही. मूठभर खिळ्यांच्या हलगर्जीपणाचा दावा अख्ख्या घराच्या किमतीइतका होतो. त्यामुळे छपरापाशी थांबून विचार करणाऱ्या कंपनीला मी दोष देणार नाही.

पण याच अँड्र्यूची दुसरी बाजू विमा कंपन्या सोयीने विसरतात. त्या वादळात मोडलेली पुष्कळ घरं जुनी नव्हती. ऐंशीच्या दशकात घरांना भरमसाठ मागणी होती, तेव्हा घाईघाईत उभारलेल्या वसाहती होत्या त्या. त्याआधीच्या काळात निगुतीने बांधलेली घरं कितीतरी ठिकाणी तगून राहिली. वय हाच निकष लावला असता तर ज्यांना आनंदाने विमा दिला असता तीच घरं पडली. यातून फ्लोरिडा राज्याने धडा घेतला तो बांधणीचा. 1 मार्च 2002 पासून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली आणि खिळे किती लांबीचे, किती अंतरावर, फळ्या कशा बसवायच्या, हे सगळं त्यात आलं. म्हणजे नियमावली खिळे मोजू लागली, आणि विम्याच्या अर्जावर मात्र सालच ठळक होत गेलं.

वय निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांवर डांबरी शिंगल असतात: काचतंतूंच्या जाळीवर डांबराचा थर, वर बारीक खडीसारखे दगडी कण. ऊन त्या डांबरातला तेलकटपणा शोषून घेतं. शिंगल ताठर होतात, कडा वळतात, कण सुटून पन्हळीत साचतात. एका शिंगलला खालच्याशी चिकटवून धरणारी पट्टी सुटते, आणि मग पहिल्याच जोराच्या वाऱ्यात ती फडफडायला लागते. थंड प्रदेशात पंचवीस-तीस वर्षं चालणारं शिंगलचं छप्पर टेक्सस-फ्लोरिडाच्या उन्हात पंधरा-वीस वर्षांत थकतं. तेव्हा बावीस वर्षांच्या शिंगलबद्दल शंका घेणं रास्तच. प्रश्न असा आहे की शंका घेतल्यावर पुढे काय करायचं: शिडी लावून वर चढायचं, की नाही म्हणून मोकळं व्हायचं?

छपराच्या जातीचंही तसंच आहे. फ्लोरिडात काँक्रीटच्या किंवा भाजक्या मातीच्या कौलांना मान आहे. कौल पन्नास वर्षं टिकतं, म्हणून कंपन्या त्याला शिंगलपेक्षा जास्त मुदत देतात. पण पाणी अडवण्याचं खरं काम कौलाखाली अंथरलेला डांबरी कागदाचा थर करत असतो, आणि तो वीस-तीस वर्षांत कुजतो. वरून कौलं टकाटक, खाली चाळणी. कागदावर हे छप्पर मध्यमवयीन आहे, प्रत्यक्षात निकामी. उलट वीस वर्षांच्या छपराचा खालचा थर कुणी दहा वर्षांपूर्वी बदलून घेतला असेल तर त्या खर्चाला अर्जावर जागाच नसते.

पत्र्याचं छप्पर वाऱ्याला आणि आगीला उत्तम. पण टेक्ससमध्ये लिंबाएवढ्या गारा पडतात आणि पत्र्याला पोचे येतात. पत्रा गळत नाही, नुसता वाईट दिसतो. अशा नुसत्या दिसण्यातल्या बिघाडाची भरपाई मिळणार नाही, असं कलम बऱ्याच विम्यांत घातलेलं असतं. पोचे पडलेलं छप्पर घर विकताना किंमत पाडतं हे खरं असलं, तरी विम्याचं काम घर कोरडं ठेवण्यापुरतं मानलं तर हे कलम मला अन्यायाचं वाटत नाही. ते आधी नीट समजावून सांगितलं जात नाही, तक्रार तेवढीच आहे.

एका बाबतीत मात्र कंपन्यांचं म्हणणं निर्विवाद आहे: लाकडी फळकुटांचं छप्पर. कॅलिफोर्नियात एके काळी त्याची मोठी हौस होती. नोव्हेंबर 1961 मध्ये लॉस एंजलीसच्या बेल एअर भागात आग लागली आणि 484 घरं जळाली. पेटलेली फळकुटं वाऱ्यावर उडत जाऊन पुढच्या छपरांवर पडत होती. ऑक्टोबर 1991 मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर पंचवीस माणसं गेली आणि सुमारे तीन हजार घरं खाक झाली. तिथेही लाकडी छपरांनी आग पुढे पुढे नेली. शेजाऱ्याचं घर जाळू शकणाऱ्या छपराला विमा नाकारला तर मी कंपनीच्या बाजूने उभा राहीन. कारण इथे धोका साहित्यातच आहे, आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. 2022 पासून कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार आगीला दाद न देणारं छप्पर, घराभोवतीची मोकळी जागा अशा गोष्टी करणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावी लागते. बदल कर, मग हप्ता कमी होईल, असा रस्ता घरमालकाला दाखवून दिलेला आहे. वयाच्या निकषात नेमका हा रस्ता नसतो. छपराचं वय कमी करायचा एकच उपाय, सगळं उपटून नवं घालणं.

मग कंपन्या वयावरच का अडतात? खरं सांगायचं तर त्याला ठेकेदारांनीही हातभार लावला आहे. गेल्या दशकात फ्लोरिडात दारोदार फिरणाऱ्या ठेकेदारांचं पीक आलं. दारावरची घंटा वाजवायची, वर चढून दोन शिंगल निसटल्याचं दाखवायचं, आणि मालकाकडून विम्याचे हक्क स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचे. तुम्हाला एक पैसा पडणार नाही, अख्खं छप्पर फुकट, असं आश्वासन. त्यात एक नियम असा होता की छपराचा पाव हिस्सा बिघडला तर संपूर्ण छप्पर नव्या नियमावलीप्रमाणे करायचं. कंपनीने नकार दिला की खटला, आणि हरली तर समोरच्या वकिलाची फीही कंपनीच्या डोक्यावर. 2019 च्या सरकारी आकड्यांनुसार देशभरातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी जेमतेम आठ टक्के फ्लोरिडात होते, आणि खटल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त. 2022 च्या एका वर्षात तिथल्या पाच-सहा विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. उरलेल्यांनी दहा-पंधरा वर्षांच्या छपरांनाही नकार द्यायला सुरुवात केली. लोक राज्य सरकारने शेवटचा आधार म्हणून उभ्या केलेल्या सिटिझन्स या विमा संस्थेकडे धावले. 2023 मध्ये तिच्या विमापत्रांची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली.

म्हणजे गैरफायदा घेतला ठेकेदारांनी आणि वकिलांनी, आणि शिक्षा झाली ती ज्याने कधी दावाच केला नाही अशा म्हाताऱ्या जोडप्याला. हे मला सर्वांत खटकतं. फसवणूक रोखायची तर फसवणुकीचं दार बंद करावं. राज्याने अखेर तेही केलं. हक्क ठेकेदाराच्या नावावर लिहून देणं आणि एकतर्फी वकील-फी, दोन्ही डिसेंबर 2022 च्या कायद्याने संपलं. 2007 च्या नियमावलीप्रमाणे घातलेलं छप्पर असेल तर बिघडला तेवढाच भाग दुरुस्त करायची मोकळीक मिळाली.

2022 च्याच मे महिन्यात झालेला दुसरा कायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पंधरा वर्षांच्या आतलं छप्पर केवळ वयावरून नाकारायचं नाही. पंधरा पूर्ण झालेली असतील तर मालकाला स्वखर्चाने परवानाधारक तपासनीस आणायची संधी द्यायची, आणि छपरात अजून पाच वर्षांचं आयुष्य आहे असं त्याने लिहून दिलं तर केवळ वयापोटी नकार देता येणार नाही. यात पळवाटा आहेत. ‘केवळ’ वयावरून नको म्हटल्यावर दुसरं एखादं कारण जोडणं अवघड नसतं. पण तपासणीचा हक्क कायद्यात आला, आणि छपराला स्वतःची बाजू मांडायची सोय झाली, हे थोडं नाही.

ही तपासणी जवळून पाहण्यासारखी असते. फ्लोरिडात वाऱ्यासंबंधीची वेगळी तपासणी होते. तपासनीस छपरावर फिरतोच, पण खरं उत्तर त्याला माळ्यात मिळतं. गुडघ्यांवर रांगत, इन्सुलेशनचा कापूस बाजूला सारत तो कडेपर्यंत जातो, जिथे कैची भिंतीला टेकते. तिथे नुसते तिरपे खिळे मारलेत, की लोखंडी क्लिप आहे, की पट्टी कैचीवरून घेऊन दुसऱ्या बाजूला खिळवली आहे? पट्टीला किती खिळे? मग फळीतून खाली आलेल्या खिळ्याशेजारी तो मोजपट्टी धरून फोटो काढतो: अडीच इंची आहे का, दोन खिळ्यांत सहा इंच की बारा? घर चौपाखी की दुपाखी हेही नोंदवतो, कारण चारही बाजूंनी उतरतं छप्पर वाऱ्याला कमी सापडतं. या नोंदींवर हप्त्यात भरघोस सवलत मिळते. तासाभरात होणारं हे काम छपराबद्दल जे सांगतं ते कुठलंही साल सांगू शकत नाही. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की ही सगळी माहिती उपलब्ध असतानाही पहिली चाळणी सालाचीच लागते.

हल्ली त्या चाळणीला आकाशातली जोड मिळाली आहे. विमानातून किंवा उपग्रहावरून काढलेले फोटो घेऊन संगणक छपराला गुण देतो. शेवाळाचा डाग, वाकलेली फांदी, निळी ताडपत्री दिसली की गुण घसरतात आणि नूतनीकरण नाकारल्याचं पत्र येतं. फोटो जुना असू शकतो. सावलीला डाग समजलं जाऊ शकतं. मालकाने ताडपत्री काढून छप्पर दुरुस्तही केलेलं असू शकतं. मला या तंत्राचा राग नाही. वय पाहण्यापेक्षा स्थिती पाहणं केव्हाही चांगलं. पण ज्या फोटोवरून निर्णय घेतला तो फोटो, त्याची तारीख आणि नेमका आक्षेप घरमालकाला कळलाच पाहिजे, आणि दुरुस्तीसाठी मुदत मिळाली पाहिजे. एवढं न देता आलेलं पत्र म्हणजे आरोपी गैरहजर असताना झालेला निकाल.

नकाराहून गुपचूप घडणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला नकाराइतकीच गंभीर वाटते. विमा चालू राहतो, हप्ता भरला जातो, फक्त कलम बदलतं. पूर्वी छप्पर गेलं तर नव्या छपराची किंमत मिळायची. आता एका मुदतीनंतर घसारा कापून किंमत मिळते. हिशेब करून पाहा. टेक्ससमध्ये एका घराचा विमा चार लाख डॉलरचा आहे. वाऱ्या-गारांच्या नुकसानीत पहिले दोन टक्के मालकाने सोसायचे, म्हणजे आठ हजार. नवं छप्पर घालायला वीस हजार लागतात. छपराचं आयुष्य वीस वर्षं धरलं आहे आणि त्याला पंधरा झाली आहेत. घसारा कापून त्याची किंमत उरली पाच हजार. त्यातून आठ हजार वजा करायचे. हाती शून्य. त्या माणसाच्या कपाटात विम्याची कागदपत्रं आहेत, वर्षानुवर्षांच्या पावत्या आहेत, आणि गारपिटीला तोंड देण्यापुरतं पाहिलं तर त्याच्या छपराला विमा नाहीच. गारपीट झाल्यावर तपासनीस छपरावर खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखून त्यात गारांचे घाव मोजतो. या घरात त्याने कितीही घाव मोजले तरी बेरीज बदलत नाही. पूर्वी ठेकेदार ते आठ हजार बिलात लपवून सोडून द्यायचे. टेक्ससने सप्टेंबर 2019 पासून त्यालाही गुन्हा ठरवलं. ते योग्यच झालं, पण मालकाची अडचण जिथल्या तिथे राहिली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पंधरा वर्षं वापरलेल्या वस्तूच्या बदल्यात नवीकोरी वस्तू द्यायची, तर तो पैसा कुठून यायचा? ज्याने स्वतःच्या पैशाने वेळेवर छप्पर बदललं त्याच्या हप्त्यातून. काटकसर करून छप्पर राखणाऱ्याने हयगय करणाऱ्याचा भार का उचलावा? मला हा प्रश्न पटतो. छप्पर झिजणं हा अपघात नाही, आणि झीज भरून देणं हे विम्याचं काम नव्हे. पण मग वर्गवारी हयगयीवर व्हावी. जुनं पण जपलेलं छप्पर आणि जुनं म्हणून कुजलेलं छप्पर यांना एकच घसारा लावणारं कोष्टक हयगय करणाऱ्याला धडा शिकवत नाही. ते जपणाऱ्यालाच सांगतं की तुझ्या जपण्याला किंमत नाही. शिवाय छपराला पैसे न लावणारे सगळेच बेफिकीर नसतात. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला वीस हजार डॉलर उभे करता येत नाहीत, म्हणून विमा जातो. विमा नाही म्हणून वादळानंतर ताडपत्री. ताडपत्रीखाली घर कुजतं, शेजारच्या घरांच्या किमती उतरतात, आणि शेवटी खर्च सरकारी तिजोरीवर पडतो. वेगळं काढलेलं ओझं नाहीसं झालं नाही, फक्त विम्याच्या वहीतून बाहेर गेलं.

अलाबामा हे श्रीमंत राज्य नाही, पण या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर तिथे सापडतं. विमा उद्योगानेच चालवलेली एक संशोधन संस्था दक्षिण कॅरोलायनातल्या रिचबर्ग गावी आहे. तिथे 105 पंख्यांच्या भिंतीसमोर पूर्ण आकाराची घरं उभी करून ती वादळी वाऱ्यात मोडून पाहतात. त्यातून छपराचं ‘फोर्टिफाइड’ नावाचं मानक निघालं. त्यात चमत्कार काहीच नाही: कंगोऱ्यांचे खिळे जवळजवळ मारायचे, फळ्यांमधल्या फटींवर चिकटपट्टी लावायची म्हणजे वरचं आवरण उडालं तरी पाणी आत येणार नाही, आणि छपराची कड पक्की बांधायची. अलाबामा सरकार असं छप्पर करून घेणाऱ्या घरमालकांना दहा हजार डॉलरपर्यंत अनुदान देतं, आणि विमा कंपन्यांना त्या घरांच्या हप्त्यात सवलत देणं बंधनकारक केलं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये सॅली वादळ त्या किनाऱ्यावर आलं. नंतर दाव्यांची नोंद तपासली तेव्हा या घरांचे दावे इतरांपेक्षा ठळकपणे कमी निघाले. लुइझियानाने तोच मार्ग उचलला. फ्लोरिडातही घरमालकाच्या एका डॉलरमागे सरकारचे दोन, कमाल दहा हजार, अशी योजना चालते. या मानकाचा दाखला पाच वर्षांसाठी असतो. पुढे पुन्हा माणूस येऊन छप्पर पाहतो.

आपल्याकडे हा विषय अजून दारात आलेला नाही, पण उंबऱ्याशी आहे. 1 एप्रिल 2021 पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ नावाचा एकसारख्या अटींचा घरविमा द्यावा लागतो. घराचं क्षेत्रफळ आणि बांधकामाचा दर यांवरून त्याची रक्कम ठरते, आणि भरपाई पुन्हा बांधण्याच्या खर्चाची मिळते, घसारा न कापता. ही चांगली सुरुवात आहे. पण गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री अशा कच्च्या बांधणीला विम्याच्या अटींत वेगळं काढण्याची रीत जुनी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कौलं आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, आणि त्यातल्या फार थोड्या घरांना विमा होता. वादळं वाढली आणि विमा पसरला की कंपन्या इथेही छपराचं साल विचारू लागतील. कोकणातल्या कौलारू घराला ते सांगता येणार नाही. दर मे महिन्यात घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, वाळवी लागलेला वासा काढून नवा घालायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं असतं. आढं आजोबांच्या काळचं, वासे वडिलांच्या, कौलं निम्मी गेल्या वर्षीची. त्या घराचा अर्ज आज लिहायचा झाला तर त्यात एवढे रकाने हवेत: वासे भिंतीला कशाने बांधलेत, वळचणीची कौलं तारेने किंवा चुन्याने धरलीत का, आणि शेवटची शाकारणी केव्हा झाली.